मनीऑर्डर का थांबते? मागणीच्या अर्थशास्त्राचे पंथ, कोकणातून पाहताना

गुहागर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न. ती एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिने लिहिलंय: "सर, केन्सवादी, नव-केन्सवादी, उत्तर-केन्सवादी, मौद्रिकवादी, आता एमएमटीवाले (आधुनिक मौद्रिक सिद्धांताचे). सगळेच मागणीबद्दल बोलतात, मग इतके पंथ कशाला? एकातून दुसरा निघाला कसा? आणि आपल्या कोकणात तर अडचण मालाची आहे. मासळी कमी झाली, मजूर मिळत नाहीत, आंब्याचा मोहर टिकत नाही. इथे मागणीच्या सिद्धांताचा उपयोग काय?"

मी प्राध्यापक नाही. बँकेच्या कर्ज विभागात चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या शाखांमध्ये. अर्थशास्त्र आधी कॉलेजात शिकलो आणि मग कर्जाच्या अर्जांमधून पुन्हा शिकलो. तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं तिथूनच निघतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं फार मोठ्या संख्येने होती. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आम्ही गावी. महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा, आई सही करायची आणि त्याच संध्याकाळी मला दुकानावर पाठवायची. दुकानदाराच्या लाल कापडी वहीत आमच्या नावाचं पान होतं. मागचं देणं चुकतं झालं की तो त्यावर आडवी रेघ मारायचा आणि खाली नवा महिना सुरू करायचा.

शिमग्यापर्यंत ती रेघ थांबली. पान भरलं, मग दुसरं पान भरलं. दुकानात तांदूळ होता, गोडेतेल होतं, साखर होती. एसटी वेळेवर येत होती. भात आमच्या गावात नेहमीसारखंच पिकलं होतं. तरीही गणपतीच्या आधी दुकानदाराने उधारी बंद केली, कारण त्याचंच चिपळूणच्या घाऊक व्यापाऱ्याकडचं देणं तुंबलं होतं. वाडीतल्या तीन घरांचे चौथरे चिऱ्यात बांधून तसेच पडून राहिले, कारण बांधणारे चाकरमानी संपात होते. मग गवंड्याला काम नाही, चिरेखाणीवरच्या माणसांना काम नाही. शिंप्याकडे गणपतीचे कपडे कुणी टाकले नाहीत. यातल्या कुणीही गिरणीत पाऊल ठेवलेलं नव्हतं.

गरज होती, माल होता, हात रिकामे होते, पैसा फिरत नव्हता. 'परिणामकारक मागणी' या शब्दातला 'परिणामकारक' म्हणजे हे: गरजेच्या मागे खर्च करायची ऐपत आणि तयारी उभी असणं. एकाचा खर्च हे दुसऱ्याचं उत्पन्न, एवढी गोष्ट मागणीवाल्या सगळ्या पंथांना मान्य आहे. मनीऑर्डर थांबली की गाव थांबतं, हे सगळेच सांगतील. मनीऑर्डर का थांबते आणि ती पुन्हा सुरू कोणी करायची, यावर त्यांची वाट वेगळी होते. आता एकेक पंथ याच प्रश्नावर लावून बघ.

जुन्या अर्थशास्त्राचं म्हणणं होतं की अशी सार्वत्रिक मंदी टिकूच शकत नाही. फ्रान्सच्या जाँ-बाप्तिस्त सेने १८०३ च्या ग्रंथात मांडलं की मालाची किंमत शेवटी मालानेच चुकवली जाते. जो विकतो तो विकत घेण्यासाठीच विकतो, म्हणून उत्पादन आपली मागणी आपल्याबरोबर घेऊन येतं. इंग्लंडच्या रिकार्डोने हे उचलून धरलं. विरोधात स्विस अर्थशास्त्रज्ञ सिसमोंदी (१८१९) आणि माल्थस (१८२०) उभे राहिले. माल्थस आपल्याला लोकसंख्येमुळे माहीत असतो, पण सगळ्याच मालाचा एकदम साठा तुंबू शकतो हे तो रिकार्डोला पत्रांतून वर्षानुवर्षं पटवत होता. तो हेलीबरीला ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात शिकवायचा, म्हणजे आपल्याकडे कलेक्टर म्हणून आलेली पोरं त्याच्या वर्गात बसलेली होती. वाद रिकार्डोने जिंकला, मुख्यतः त्याची मांडणी जास्त काटेकोर होती म्हणून. त्यानंतर शंभर वर्षं हा विचार कडेला पडून राहिला. १८८९ मध्ये हॉब्सन आणि ममरी यांनी जास्तीच्या बचतीमुळे मंदी येते असं लिहिलं, तर हॉब्सनची व्याख्यानं बंद झाली.

स्वीडनमध्ये विक्सेलने १८९८ मध्ये एक वेगळा धागा दिला. बँकांचा व्याजदर आणि भांडवलावर प्रत्यक्ष मिळू शकणारा परतावा यांत अंतर पडलं की पत फुगते किंवा आकसते आणि किमती त्यामागे जातात. हा धागा ध्यानात ठेव, पुढे रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरापाशी (ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचं कर्ज देते त्यापाशी) तो परत येणार आहे.

आता इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्स. त्याच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण परीक्षेसाठी पाठ केलेला केन्स आणि खरा केन्स यांत फार अंतर आहे. १९०६ ते १९०८ तो लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये नोकरीला होता आणि त्याचं पहिलं पुस्तक, १९१३ चं, भारताच्या चलनावर आहे. त्यात त्याने सुवर्ण विनिमय परिमाणाची बाजू घेतली, म्हणजे देशात सोन्याची नाणी न फिरवता रुपयाचा दर सोन्याशी बांधलेल्या परकीय चलनाशी पक्का ठेवण्याची. तिच्यावर १९२३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरच्या आपल्या प्रबंधात थेट टीका केली. त्यांचं म्हणणं होतं की या पद्धतीत चलन किती काढायचं याची सरकारला फार मोकळीक राहते आणि रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर राहणं हे विनिमय दर स्थिर राहण्याहून महत्त्वाचं आहे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. तुझ्या घरापासून ते दूर नाही. हा वाद मूळ पानांवर वाच.

केन्सचा 'सामान्य सिद्धांत' फेब्रुवारी १९३६ मध्ये आला. त्यामागे दहा-पंधरा वर्षांची बेकारी होती. ब्रिटन १९२५ मध्ये युद्धापूर्वीच्या दराने सोन्याकडे परतला आणि निर्यात आखडली. मग १९२९ नंतरची महामंदी आली. अमेरिकेत १९३३ साली दर चारांत एक कामगार बेकार होता. मजुरी उतरू द्या, रोजगार आपोआप येईल, असं सांगितलं जात होतं. केन्स म्हणाला, मजुरी हेच दुकानदाराचं गिऱ्हाईक आहे. ती सगळीकडे एकदम उतरली की खपही उतरेल.

त्याच्या विचाराचा गाभा मला आपल्या आगोटीतून नीट कळला. मे महिन्यात आपण पावसाळ्याची आगोट भरतो: तांदूळ, कडधान्य, मीठ, मिरची, सुकट, बोंबील, लाकूडफाटा. ही बेगमीच आहे, पण ती करताना दुकानात पैसे पडतात, सुकी मासळी विकणाऱ्या बाईच्या हातात पैसे जातात. आता समज, वाडीतल्या प्रत्येकाने ठरवलं की यंदा कशाचाच भरवसा नाही, आगोट अर्धी भरू आणि उरलेले पैसे पेटीत ठेवू. प्रत्येक घरापुरता हा शहाणपणाच आहे. पण पेटीत पैसे ठेवणाऱ्याने दुकानदाराला असं सांगितलेलं नसतं की हेच पैसे घेऊन मी ऑक्टोबरात येईन, तेव्हासाठी तांदूळ मागवून ठेव. दुकानदाराला फक्त आजचा खप पडलेला दिसतो. तो माल कमी मागवतो, पोऱ्याला घरी पाठवतो. पोऱ्याच्या घरातली आगोट मग अर्धीही भरत नाही. शेवटी सगळ्या वाडीची मिळून बचत वाढतच नाही, कारण उत्पन्नच घटलेलं असतं. पुस्तकात याला बचतीचा विरोधाभास म्हणतात आणि पैसे रोख धरून ठेवण्याला रोखता पसंती. केन्सच्या लेखी मनीऑर्डर थांबते ती उद्याची खात्री नसल्यामुळे, आणि ती खात्री कुठल्याही गणिताने काढता येत नाही. म्हणून खाजगी खर्च आटला की सरकारने खर्चात उतरावं, असं तो म्हणतो.

सरकारी खर्च किती पटीने फिरतो हे त्याचा विद्यार्थी रिचर्ड कान याने १९३१ मध्येच मांडलं होतं. त्याला आपण गुणक म्हणतो. तुला जो प्रश्न पडलाय तो नेमका इथे येतो. समज, बंदरावर जेट्टीच्या कामातून १०० रुपये स्थानिक माणसांच्या हातात आले. हातात आलेल्या प्रत्येक शंभरातले ३० जर तालुक्यातच खर्च होत असतील तर १००, मग ३०, मग ९ असं करत एकूण सुमारे १४३ रुपये उत्पन्न तयार होतं. शंभरातले ७० तालुक्यात राहत असतील तर तेच ३३३ पर्यंत जातं. आमच्या बंदरात मी हे डोळ्यांनी पाहिलं. बोटीच्या एका ट्रिपचा सर्वांत मोठा खर्च डिझेलचा, तो पैसा त्याच दिवशी तालुक्याबाहेर जातो. खलाशी पुष्कळदा परप्रांतातले, त्यांचा पगार त्यांच्या गावी जातो, जसा आमच्या वडिलांचा पगार आमच्या गावी यायचा. बर्फाच्या कारखान्याचं वीजबिल बाहेर. राहतं ते लिलावातून पाटी उचलून बाजारात बसणाऱ्या बायकांकडे, जाळी विणणाऱ्यांकडे, बंदरावरच्या चहावाल्याकडे. म्हणून कोकणात बाहेरून पैसा पुष्कळ येतो आणि गावात फिरतो थोडा.

माल वाढण्यासारखा नसेल तर मागणी वाढवून काय होणार, ही तुझी शंका आपल्याकडे फार पूर्वी मांडली गेली आहे. केंब्रिजला शिकून आलेले व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्ये लिहिलं की केन्सचा गुणक गरीब शेतीप्रधान देशात तसाच लागू होत नाही. तिथली बेकारी उघडी नसते, घरच्या शेतावर राबणाऱ्या जास्तीच्या माणसांत ती लपलेली असते. शेतकरी घरच्यापुरतं पिकवतो आणि धान्याचं उत्पादन पैशाच्या हाकेला लगेच ओ देत नाही. खर्च वाढला की मग किमती वाढतात. भारतीय विद्यार्थ्याने केन्सच्या लगेच पाठोपाठ राव वाचायला हवेत. आपल्या अभ्यासक्रमात ते चार ओळींत उरकले जातात, हे मला आजही खटकतं.

पोलंडच्या मिखाल कालेकीने परिणामकारक मागणीचा विचार १९३३ मध्ये, केन्सच्या आधी, पोलिश भाषेत मांडला होता. तो मार्क्सच्या वाटेने आला होता, म्हणून त्याचा प्रश्न वेगळा पडला: पैसा कुणाच्या हातात जातो? मजुराच्या हातातले शंभर रुपये जवळपास शंभर खर्च होतात. मालकाचे होत नाहीत, आणि मालकवर्गाचा नफा शेवटी मालकवर्ग गुंतवणूक किती करतो यावर ठरतो. कालेकीच्या चौकटीत १९८२ चा संप फक्त पगार थांबल्याची घटना राहत नाही. उत्पन्नाची वाटणी हीच मागणीची चावी होते. १९४३ च्या त्याच्या एका लेखात आणखी धीट गोष्ट आहे. पूर्ण रोजगार शक्य असूनही उद्योगपती त्याला विरोध करतील, कारण नोकरी जाण्याची भीती संपली की कारखान्यात त्यांचा वचक राहणार नाही. १९५९-६० मध्ये कालेकी सल्लागार म्हणून भारतातही येऊन गेला. पुढे अमित भादुरी यांनी स्टीफन मार्गलिनबरोबर १९९० मध्ये हाच धागा वाढवला. मजुरी वाढली की कुठल्या अर्थव्यवस्थेत मागणी वाढते आणि कुठे नफा आखडून गुंतवणूकच घटते, याची ती मांडणी आहे. प्रबंधासाठी तुला यातून खूप मिळेल.

इकडे मुख्य रस्त्यावर केन्सला लवकरच कोष्टकात बसवलं गेलं. १९३७ मध्ये जॉन हिक्सने मालाचा बाजार आणि पैशाचा बाजार एकाच चित्रात दाखवणारी आयएस-एलएम आकृती काढली. पुढे हॅन्सन आणि सॅम्युएलसन यांनी केन्स आणि जुनं अर्थशास्त्र यांची सांधेजोड केली: अल्पकाळात केन्स खरा, दीर्घकाळात जुने खरे. शिकवायला ते सोपं होतं. पण केन्सची अनिश्चितता त्या आकृतीत हरवली, आणि खुद्द हिक्सनेही म्हातारपणी आपल्या आकृतीबद्दल असमाधान नोंदवून ठेवलं. याच काळात न्यूझीलंडच्या बिल फिलिप्सने १९४९ मध्ये एक यंत्र बांधलं. पारदर्शक टाक्यांमधून रंगीत पाणी फिरायचं: उत्पन्नाचं, बचतीचं, कराचं, आयातीचं. एक तोटी आवळली की दुसऱ्या टाकीतली पातळी उतरायची. खाजणात भरती-ओहोटीच्या उघड्या (पाणी अडवायची-सोडायची दारं) पाहून मोठ्या झालेल्या आपल्या मुलांना हे यंत्र पटकन समजेल. १९५८ मध्ये त्याच फिलिप्सने ब्रिटनच्या जवळपास शंभर वर्षांच्या आकड्यांवरून दाखवलं की बेकारी कमी असते तेव्हा मजुरी वेगाने वाढते. त्याचा नियम करून सरकारांनी मानलं की थोडी चलनवाढ सोसली की बेकारी घटवता येते.

त्याला धक्का दिला अमेरिकेच्या मिल्टन फ्रीडमनने, मौद्रिकवाद्यांच्या म्होरक्याने. पुष्कळ विद्यार्थी त्याला मागणीच्या विरोधातला समजतात, ते चूक आहे. एकूण खर्च घसरल्याने मंदी येते हे त्यालाही मान्य होतं. मनीऑर्डर का थांबते याचं त्याचं उत्तर होतं: मुळात चलनच कमी पडलं. ॲना श्वार्ट्‌झबरोबरच्या १९६३ च्या इतिहासात त्याने दाखवलं की १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेतला पैशाचा साठा सुमारे एक तृतीयांशाने आटला आणि तिथली मध्यवर्ती बँक बघत राहिली. १९६७ च्या अखेरीस दिलेल्या भाषणात त्याने, आणि स्वतंत्रपणे एडमंड फेल्प्सने, सांगितलं की लोक चलनवाढ गृहीत धरायला लागले की बेकारी पुन्हा जुन्या पातळीवर येईल आणि चलनवाढ तेवढी हाती राहील. १९७३ च्या तेलसंकटानंतर महागाई आणि बेकारी दोन्ही एकत्र वाढली तेव्हा त्याचं वजन वाढलं. आपल्याकडे सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५ मध्ये पैशाच्या वाढीचं लक्ष्य ठेवण्याची शिफारस केली. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बँकेला ठेवींतले १५ टक्के रोख राखीव म्हणून आणि ३८.५ टक्के सरकारी रोख्यांसारख्या मालमत्तेत अडकवून ठेवावे लागत. पैशाच्या साठ्यावर पकड ठेवायची म्हणजे काय, ते आम्ही शाखेत रोज अनुभवत होतो. पण पैसा हातोहात फिरण्याचा वेग स्थिर राहतो हे फ्रीडमनचं गृहीत पुढे टिकलं नाही. १९९८ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही फक्त साठ्याचं लक्ष्य सोडून अनेक निर्देशक बघायला सुरुवात केली.

नव-केन्सवाद्यांवर मी थोडक्यात लिहितो. रॉबर्ट लुकसने १९७० च्या दशकात विचारलं, लोक जर शहाणे आहेत आणि पुढचा अंदाज बांधतात, तर धोरणाने ते फसतील का? त्याला उत्तर म्हणून स्टॅनली फिशर (१९७७) आणि जॉन टेलर (१९८०) यांनी दाखवलं की लोक कितीही शहाणे असले तरी मजुरीचे करार आधीच झालेले असतात, म्हणून मागणी पडली की आधी काम जातं. आपल्या बंदरावर हे सरळ दिसतं. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला हंगामासाठी खलाशांचा पगार ठरतो, आगाऊ उचल दिली जाते. डिसेंबरात भाव कोसळला तर नाखवा पगार उतरवू शकत नाही, तो बोट किनाऱ्याला ओढून ठेवतो. टेलरने १९९३ मध्ये महागाई आणि उत्पादन बघून व्याजदर ठरवण्याचा जो नियम दिला त्याच्यात विक्सेलचा तो जुना धागा परत येतो. आपल्याकडे २०१६ पासून कायद्याने ४ टक्के महागाईचं लक्ष्य आहे, वर-खाली २ टक्क्यांची मुभा आहे आणि सहा सदस्यांची समिती रेपो दर ठरवते. माझा अनुभव एवढाच सांगतो: व्याज अर्ध्या टक्क्याने उतरलं म्हणून एकही आंबा बागायतदार माझ्या टेबलापाशी आला नाही. तो आला ते मोहर चांगला धरला तेव्हा, किंवा वाशीच्या दलालाने उचल नाकारली तेव्हा. व्याजदराची तोटी शहरातल्या घरकर्जाला लागते, किनाऱ्यावर तिचं पाणी फार उशिरा पोचतं.

केन्सची अनिश्चितता आणि पतपैसा धरून ठेवणाऱ्या उत्तर-केन्सवाद्यांपाशी मी मनाने सर्वांत जवळ आहे, ते खातेवहीमुळे. एका बोटमालकाला इंजिन आणि जाळ्यासाठी आठ लाखांचं कर्ज मंजूर झालं. मी नोंद केली: कर्ज खात्याला आठ लाख नावे, त्याच्या बचत खात्याला आठ लाख जमा. त्या क्षणी कुणाचीही ठेव एका रुपयाने कमी झाली नाही, आणि शाखेतल्या ठेवींची बेरीज मात्र आठ लाखांनी वाढली. दुसऱ्या दिवशी त्याने इंजिनवाल्याला पैसे दिले, ते दुसऱ्या बँकेत गेले आणि आमच्या बँकेला हिशेब मिटवण्यासाठी पैसा उभा करावा लागला, पण ते नंतर. आधी ठेवी गोळा होतात आणि मग त्यातून कर्ज दिलं जातं, असं पाठ्यपुस्तकात होतं. माझ्या हातून रोज त्याच्या उलटं घडत होतं. कॅल्डॉर आणि बेसिल मूर यांनी हेच मांडलं: पैसा कर्जाच्या मागणीतून जन्माला येतो. आणि उलट बाजूही आम्ही पाहत होतो. चाकरमान्यांच्या पैशामुळे आमच्या शाखेत ठेवी ओसंडून वाहत होत्या आणि कर्ज घेणारा मिळत नव्हता. बचत झाली म्हणून गुंतवणूक होत नाही, हे आम्हाला दर तिमाहीच्या बैठकीत ऐकावं लागायचं.

हायमन मिन्स्कीने (१९१९-१९९६) यापुढचं सांगितलं, की चांगले दिवसच वाईट दिवसांची तयारी करतात. मी ते एका बंदरावर तीन टप्प्यांत पाहिलं. पहिल्या काही वर्षांत नाखव्यांचे हप्ते मासळीच्या उत्पन्नातून आरामात निघायचे, मुद्दल आणि व्याज दोन्ही. हंगाम चांगले गेले, तशी आम्हीही तारण सैल केलं. यात माझीही सही आहे. दुसरी बोट, मोठं जाळं. आता उत्पन्नातून व्याज निघायचं आणि मुद्दलासाठी कर्ज फिरवून घ्यावं लागायचं. तिसऱ्या टप्प्यात काहीजण जुन्या कर्जाचं व्याज भरायला मासळी व्यापाऱ्याकडून उचल घेऊ लागले, या भरवशावर की पुढच्या हंगामात बोटीचीच किंमत वाढेल. मग दोन हंगाम लागोपाठ रिकामे गेले. सगळ्यांनी एकदम बोटी विकायला काढल्या आणि बोटीला गिऱ्हाईक उरलं नाही. मिन्स्कीच्या लेखी मनीऑर्डर थांबते ती पगार येऊनही हप्त्यात गेल्यामुळे. २००८ च्या जागतिक संकटात हेच घरकर्जांबाबत घडलं, तेव्हा लोकांनी त्याची १९८६ ची मांडणी पुन्हा उघडली.

एमएमटीची मुळं ॲबा लर्नरच्या १९४३ च्या लेखात आहेत. सरकारने आपल्या ताळेबंदाकडे बघू नये, बेकारी आणि महागाईकडे बघावं, कारण स्वतःचं चलन छापणाऱ्या सरकारला पैसा संपण्याची अडचण नसते. त्याला मर्यादा पडते ती माणसं, माल आणि यंत्रं संपण्याची. या पंथाची मुख्य सूचना म्हणजे सरकारने मागेल त्याला काम द्यावं. ही सूचना महाराष्ट्राला परकी नाही. वि. स. पागे यांनी विसापूरला केलेल्या प्रयोगातून आणि १९७२-७३ च्या दुष्काळातून आपली रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ चा राष्ट्रीय कायदा याच वाटेने आला. माझं एमएमटीशी एका मुद्द्यावर पटत नाही. आपल्या बोटी ज्या डिझेलवर चालतात त्याचं कच्चं तेल डॉलरमध्ये येतं, आणि डॉलर आपल्याला छापता येत नाहीत. १९९१ मध्ये परकीय गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती, ते दिवस मी काउंटरवर काढले आहेत. २००८ नंतर स्कॉट समनर वगैरे बाजार-मौद्रिकवादी आले. देशाचं एकूण रुपयातलं उत्पन्न ठरावीक गतीने वाढत राहील एवढं मध्यवर्ती बँकेने बघावं, असं ते म्हणतात. आपल्याकडे एका पावसाने शेतीचे आकडे इतके हलतात की त्यांची सूचना इथे कशी चालेल हे मला दिसत नाही.

आता तुझ्या मूळ शंकेकडे. मासळी कमी झाली हे खरं आहे, पण बंदरावरची प्रत्येक मंदी मासळीच्या कमतरतेची नसते. हर्णैला संध्याकाळच्या लिलावाला जाऊन उभी राहा आणि रोज दोनच गोष्टी टिपून ठेव: माल किती आला आणि भाव काय निघाला. माल कमी आणि भाव चढे असतील तर अडचण समुद्राची आहे, तिथे मागणी वाढवून महागाईच वाढेल, राव यांनी सांगितलं तसं. माल कमी आणि भावही पडलेले असतील तर गिऱ्हाईकाच्या खिशाकडे बघ. मधली प्रकरणं चकवतात. २०२० च्या टाळेबंदीत हापूस झाडावर तयार होता आणि बागेत भाव कोसळला होता, म्हणून वाटलं मागणी गेली. पण पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी थेट पेट्या मागवायला सुरुवात केल्यावर कळलं की खाणाराही होता आणि त्याचा पैसाही होता, तुटली होती ती मधली साखळी. तिथे सरकारने पैसे वाटून पेटी हलली नसती, टेम्पोला परवाना लागत होता.

लिलावाच्या आकड्यांबरोबर आणखी एक कर. गावातल्या दुकानदाराला विचारून त्याची उधारीची वही बघ, नावं झाकून, फक्त तारखा आणि रकमा. मनीऑर्डर गेली, आता पैसे फोनवर येतात, पण उधारी अजून वहीतच लिहितात. जूनपासून गणपतीपर्यंत थकबाकी किती चढते आणि चाकरमानी येऊन गेल्यावर किती उतरते, याचे तीन वर्षांचे आकडे तुला मिळाले तर मला पाठव. आमच्या दुकानदाराची वही मी नंतर पुष्कळ शोधली. दुकान बंद झाल्यावर ती पावसात भिजून गेली, असं त्याच्या मुलाने सांगितलं.